मानस

बांबोळीच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
एका थंडगार खोलीच्या दाराशी
मी माणसांकडून लोखंड काढून घेते.
चाव्या, सेफ्टी पिना, पट्टे,
एकदा तर कुणाच्या खिशातून मासे साफ करायची सुरी.

आज सोयरू वळवईकर, वय एकाहत्तर, गाव आखाडा.
करगोट्याला बांधलेली गंजकी चावी
त्यांनी दोनदा गाठ चुकवत सोडवली.
मानशीवरच्या खोपीची, म्हणाले.
जपून ठेव गो, बाय.

कागदावर लिहिलंय:
दहा मिनिटं वाचा गेली, उजवा हात लुळा,
मग सगळं परत आलं.
सुनेनं सांगितलं ते कागदावर नाही:
कपबशी हातातून पडली
आणि तुकड्यांकडे बोट दाखवून ते
‘भरती, भरती’ म्हणत राहिले.

मी डोक्यावर पिंजरा बसवते,
कानात कापूस, मुठीत रबरी फुगा.
हलायचं नाही. आवंढासुद्धा बेतानं.
ते हसतात.
चाळीस वर्षं मानशीवर बसून
पाणी कधी वळतं ते बघत होतो, बाय.
हलायला मला कुणी शिकवलंच नाही.

आधी टकटक, मग करवत,
मग शेजारी कूपनलिका खणतात तसं.

मी काचेच्या अलीकडे.
नऊ वर्षं झाली, नवल अजून सरलेलं नाही:
हे यंत्र नस बघतच नाही.
एका जागी पडून असलेल्या मांसाला
ते हाका मारमारून थकवतं,
इतकं, की ते उत्तर देईनासं होतं, काळं पडतं.
आणि मानेतून नुकतं वर आलेलं रक्त,
ज्यानं एकही हाक ऐकलेली नाही,
ते तेवढं ओ देतं.
पांढरंशुभ्र.

पडद्यावर खाड्या उमटतात,
तळाशी एकमेकींचा हात धरून वर्तुळ केलेल्या.
उजवीकडे सगळं नीट.
डावीकडची मधली धमनी
कानशिलाकडे वळते तिथे
तांदळाच्या दाण्याएवढा काळोख.
पुढे पुन्हा उजेड, पण पाणी घातलेल्या दुधासारखा.

ही तपासणी जरा भित्री आहे, मला ठाऊक आहे.
अरुंद जागेत रक्त भोवरे घालू लागलं
की ती नस बंदच म्हणून मोकळी होते.
त्या काळोखातून काहीतरी जात असणार,
नाहीतर पुढचा उजेड कुठला?
डॉक्टर सकाळी बघतील,
कदाचित शिरेतून औषध सोडून पुन्हा काढायला सांगतील.
अहवाल लिहिणं माझं काम नाही.
चेहरा कोरा ठेवणं आहे.

बाहेर आल्यावर त्यांनी आधी चावी मागितली.
सून पिशवीचा बंद पिळत उभी.
कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगू लागले:
भरतीला मानशीची दारं आपसूक मिटतात,
ओहोटीला उघडतात.
पण उंबऱ्याशी गाळ बसतो. वरून दिसत नाही.
आवाज बारीक होतो, तो ऐकायचा.
मग अमावस्येची सुकती बघून
खाली उतरायचं, हातानं उपसायचं.
आता लिलाव होतो, ज्याला त्याला सुंगटं हवीत.
दार कोण ऐकतो?

जरा थांबले. शब्द हुडकत होते
की मला बघत होते, कळलं नाही.
उदक चलता न्हय गो, बाय?

नियम भिंतीवर चिकटवलाय, तीन भाषांत.
मी त्याच्याकडे पाठ केली.
चलता, म्हटलं. बारीक. पुण चलता.

त्यांनी मान डोलावली,
एखाद्या पोरानं भरतीची वेळ बरोबर सांगावी तशी,
आणि गाठ मारायला चावी सुनेच्या हातात दिली.

पुढचा नंबर कुडक्याच्या सेबास्त्यानाबाईंचा.
कानातल्या कुड्या लग्नापासून निघालेल्या नाहीत.
मी साबण आणायला जाते.